काटा केव्हा चढतो, ते आधी पाहा

वाचकाचा प्रश्न : नाशिकच्या इंदिरानगर भागात राहणाऱ्या एका शिक्षिकेचे पत्र आले आहे. त्यांच्या सासऱ्यांनी २००७ साली घेतलेली, पेट्रोलवर चालणारी छोटी मोटार घरात आहे आणि ती आजवर १ लाख १० हजार किलोमीटर चालली आहे. याच गाडीने त्या रोज सिन्नरच्या शाळेत जातात. फेब्रुवारीत मुंबईहून परतताना कसारा घाटात तापमानाचा काटा लाल रेषेला टेकला आणि पाणी उकळून बाहेर उडाले. तेव्हापासून तीन मेकॅनिक झाले. पहिल्याने थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावर रेडिएटरकडची (ते निववणाऱ्या जाळीकडची) वाट उघडणारी झडप, काढून टाकला. दुसऱ्याने रेडिएटरचा पंखा 'डायरेक्ट' केला, म्हणजे स्विच वगळून तो सतत फिरत राहील असा जोडला. तिसरा म्हणतो की हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड आणि त्याखालचे सिलिंडर यांच्या मधला सांधा बंद करणारी पट्टी) गेले आहे, हेड उतरवावे लागेल आणि ३० हजार रुपये खर्च येईल. सध्या द्वारका चौकाच्या कोंडीत एसी लावूनही काटा मध्यावर राहतो, पण मोहदरी घाट चढताना किंवा महामार्गावर ताशी ८० किलोमीटरने पंधरा-वीस मिनिटे गेल्यावर तो वर सरकतो आणि वेग ५० वर आणला की खाली येतो. आठवड्याला साधारण अर्धा लिटर पाणी कमी होते आणि सासरे रोज सकाळी बोअरवेलचे पाणी घालून ते भरून काढतात. सायलेन्सरमधून पांढरा धूर येत नाही, ऑइलचा रंगही नेहमीसारखा आहे. पतीचे म्हणणे आहे की गाडी जुनी झाली, विकून टाकावी. सासऱ्यांचा मात्र तिच्यात जीव आहे. मे महिन्याच्या अखेरीस कल्याणला घरचे लग्न आहे. पत्राच्या शेवटी त्या लिहितात, 'मला गाडीतले काही कळत नाही, तेव्हा या सगळ्यांपैकी कोणाचे ऐकू, एवढेच सांगा.'

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातले शेवटचे वाक्य मला मान्य नाही आणि उत्तराची सुरुवात मी तिथूनच करतो. गाडी कोठे गरम होते, कोठे होत नाही, किती वेळाने होते, वेग कमी केल्यावर काय होते आणि आठवड्याला किती पाणी लागते, हे सगळे तुम्ही इतके नेमके लिहिले आहे की अर्धे निदान तुमच्या पत्रातच झाले आहे. तिन्ही मेकॅनिकांपैकी कोणी हे प्रश्न तुम्हाला विचारले होते का? विचारले असते, तर पहिल्या दोघांनी जे काढले आणि जोडले ते बहुधा तसे झाले नसते. तेव्हा 'कोणाचे ऐकू' हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवा आणि गाडी स्वतः काय सांगते आहे ते आपण पाहू.

इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश भाग पाण्यावाटे रेडिएटरकडे जातो. गाडी सिग्नलला नुसती उभी असते तेव्हा ही उष्णता थोडी असते, पण वाराही नसतो. म्हणून उभ्या गाडीची सारी भिस्त पंख्यावर असते. महामार्गावर किंवा चढावर उष्णता कितीतरी पटींनी वाढते. वेग ताशी पन्नासच्या पुढे गेला की समोरून येणारा वाराच पुरेसा असतो आणि पंख्याला फारसे काम उरत नाही. घाटाच्या संथ चढात मात्र उष्णता जास्त आणि वारा कमी अशी दोन्हीकडून अडचण होते. यावरून एक साधी ओळख सांगता येते. कोंडीत गरम होणारी आणि महामार्गावर निवणारी गाडी पंखा, त्याचा रिले, फ्यूज किंवा स्विच यांच्याकडे बोट दाखवते. शहरात ठीक राहणारी आणि जोर लावल्यावर तापणारी गाडी पाण्याच्या प्रवाहाकडे आणि रेडिएटरकडे बोट दाखवते. थंड इंजिन सुरू केल्यावर पाच-दहा मिनिटांतच काटा चढत असेल, तर थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकला आहे, पाणीच कमी आहे किंवा आत हवा अडकली आहे असे समजावे. आणि चावी फिरवताक्षणी, इंजिन गार असतानाच काटा टोकाला जात असेल, तर इंजिन निर्दोष असून सेन्सरची वायर कोठेतरी बॉडीला टेकली असण्याचा संभव अधिक.

तुमची गाडी दुसऱ्या प्रकारात स्वच्छपणे बसते. पहिला संशय रेडिएटर आतून चोक झाल्याचा येतो, आणि त्याचे कारणही तुम्हीच लिहिले आहे : बोअरवेलचे पाणी. या पाण्यातले क्षार पाणी तापल्यावर विरघळलेले राहत नाहीत, ते गरम पृष्ठभागावर बसतात. ज्या घरांत बंब होता किंवा आज गीझर आहे, त्यांना हा पांढरा थर ओळखीचा आहे. रेडिएटरच्या नळ्या बंबाच्या नळीपेक्षा फार अरुंद असतात. त्यातल्या काही बुजल्या तरी गावात फिरताना उरलेल्या नळ्या काम भागवतात, मात्र मोहदरीच्या चढावर त्या अपुऱ्या पडतात. शिवाय रोज थोडे पाणी घालणे म्हणजे रोज थोडे नवे क्षार घालणे होय. सासरे ज्या मायेने रोज सकाळी बॉनेट उघडतात, त्या मायेला दोष देण्याचे काहीच कारण नाही. आपल्याकडच्या एका संपूर्ण पिढीला मोटारीत पाणीच घालायचे असते असे शिकवले गेले आहे.

दुसरा संशय अगदी छोट्या वस्तूवर आहे, आणि तिच्याविषयी मी थोडे सविस्तर लिहिणार आहे, कारण काही शे रुपयांच्या या वस्तूकडे लक्ष न दिल्यामुळे चांगली इंजिने उतरवली गेलेली मी पाहिली आहेत. ती वस्तू म्हणजे रेडिएटरचे झाकण. त्याचे काम तोंड बंद करण्यापुरते नसते. त्यातली स्प्रिंग आतल्या पाण्यावर दाब धरून ठेवते, आणि दाब वाढला की पाणी उशिरा उकळते. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. येथे उघड्या भांड्यातले पाणी साधारण ९८ अंश सेल्सिअसला उकळते. बऱ्याच छोट्या मोटारींच्या झाकणावर ०.९ असा आकडा असतो, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा ०.९ बार जादा दाब. तेवढा दाब टिकला तर तेच पाणी ११७-११८ अंशांपर्यंत उकळत नाही. आता असे पाहा की अनेक गाड्यांत थर्मोस्टॅट ८२ ते ८८ अंशांच्या आसपास उघडू लागतो आणि पंखा पंचाण्णवच्या आसपास सुरू होतो. झाकणाची रबरी वायसर कडक झाली किंवा स्प्रिंग ढिली पडली, तर पंखा सुरू होण्याचे तापमान आणि पाणी उकळण्याचे तापमान यांत दोन-तीन अंशांचेच अंतर उरते. मग एखाद्या चढावर पाणी उडणे अटळ असते, त्यासाठी इंजिन खराब असावे लागत नाही. झाकणाच्या मध्यभागी आणखी एक लहान व्हॉल्व्ह असतो. गाडी निवल्यावर तो बाजूच्या बाटलीतले पाणी परत रेडिएटरमध्ये ओढून घेतो. तो अडकला तर बाटली भरलेली दिसते आणि रेडिएटर रिकामा होत जातो. आठवड्याच्या अर्ध्या लिटरचा हिशेब कदाचित एवढ्यावरच मिटेल.

तिसऱ्या मेकॅनिकला मी खोटा ठरवत नाही. कसारा घाटात पाणी उडेपर्यंत इंजिन तापले होते, आणि अशा वेळी हेड गॅस्केटला इजा होऊ शकते. ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे ॲल्युमिनियमचे हेड बेसुमार तापले तर वाकते आणि त्याखालचे गॅस्केट दबाव धरत नाही. त्याचा अंदाज चुकीचाच आहे असे म्हणायला माझ्याकडे आधार नाही. माझा आक्षेप इतकाच आहे की त्याने चाचणी न करता हेड उतरवायला सांगितले. गॅस्केट फुटून सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरत असेल, तर तो पकडण्याची सोपी रीत आहे. रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची एक नळी धरून इंजिन चालवतात. जळालेला वायू त्यातून गेला की निळा द्रव पिवळा पडतो. त्याच्या जोडीला कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर किती दाब धरतात ते, तपासता येते. घरच्या घरी पाहण्यासारखी खूणही आहे. सकाळी इंजिन पूर्ण गार असताना ते सुरू करा आणि रेडिएटरचा वरचा होज पाइप हाताने दाबून पाहा. पाणी तापायच्या आत, एक-दोन मिनिटांतच तो दगडासारखा घट्ट झाला तर संशय बळावतो. धूर आणि ऑइल ठीक असणे ही चांगली खूण असली, तरी तेवढ्यावरून गॅस्केट शाबूत आहे असे म्हणता येत नाही, कारण गळती सिलिंडरमधून फक्त पाण्याकडे होत असेल तर ऑइल स्वच्छच राहते.

आता आधीच्या दोन दुरुस्त्यांविषयी. थर्मोस्टॅट काढून टाकणे हा आपल्याकडचा फार जुना आणि फार लोकप्रिय उपाय आहे, आणि तो चुकीचा आहे हे मला ठामपणे लिहिले पाहिजे. थर्मोस्टॅटशिवाय इंजिन योग्य तापमानाला उशिरा पोहोचते, थंडीत तर पोहोचतच नाही, आणि पेट्रोल जास्त लागते. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना एक पर्यायी वाटही बंद करतो. तो नसला की ती वाट उघडीच राहते आणि गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरकडे न जाता तसाच इंजिनात परततो. म्हणजे ज्यासाठी तो काढला तेच दुखणे वाढते. जुना थर्मोस्टॅट अडकला होता की नाही, हे पातेल्यात पाणी गरम करून त्यात तो बुडवला असता पाच मिनिटांत कळले असते. तो नवा बसवून घ्या. डायरेक्ट केलेल्या पंख्याने शहरातला प्रश्न सुटल्यासारखा दिसतो, पण मूळ स्विच किंवा रिले बिघडला होता का, हे त्यामुळे झाकले गेले आणि मोटर विनाकारण सतत फिरत राहिली. तेही पूर्ववत करून घ्या. ज्यांच्या गाडीचा पंखा नुकताच दुरुस्त झाला आहे आणि ती कोंडीत तापू लागली आहे, अशा वाचकांनी रेडिएटरसमोर वर्तमानपत्राचा कागद धरून पाहावा. पंखा मागून हवा ओढणारा असेल तर कागद जाळीला चिकटला पाहिजे. तो उडून दूर गेला तर वायरी उलट जोडल्या गेल्या आहेत आणि पंखा उलटा फिरतो आहे.

मग करायचे काय, आणि कोणत्या क्रमाने? स्वस्तापासून महागाकडे जा, आणि एका वेळी एकच सुटा भाग बदला. प्रथम त्याच आकड्याचे नवे झाकण. त्याच दिवशी एसीचा कंडेन्सर (रेडिएटरपुढची एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत साचलेली धूळ, गवत आणि मेलेले किडे मागून पुढे अशा दिशेने, हलक्या धारेने धुवून घ्या. वॉशिंग सेंटरच्या जोरदार धारेने पातळ पत्री वाकतात. पाण्याचा पंप फिरवणारा पट्टा घट्ट आहे ना आणि उतार सोडून नेहमीच्या रस्त्यावर थोडे अंतर चालवल्यावर कोणते चाक इतरांपेक्षा फार तापते का, तेही पाहून घ्या, कारण धरून बसलेला ब्रेकही चढावर इंजिन तापवतो. त्यानंतर निळ्या द्रवाची चाचणी आणि हातपंपाने दाब देऊन गळतीची तपासणी करायला सांगा. तुमच्याकडे साधे पाणी असल्यामुळे गळती असली तरी ती सुकून जाते आणि दिसत नाही. होजचे सांधे, वॉटर पंपाखालचे छिद्र आणि डाव्या सीटच्या पायाखालचा गालिचा येथे पांढरे डाग किंवा ओल आहे का, ते शोधा. शेवटी गरम इंजिनावर तापमान मोजण्याच्या बंदुकीने रेडिएटरचे वेगवेगळे भाग मोजायला लावा. मधेच गार पट्टे सापडले तर त्या नळ्या बुजल्या आहेत. हे काम मेकॅनिकलाच करू द्या, कारण विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो.

रेडिएटर चोक निघाला तर तो बदला. पूर्वीच्या पितळी रेडिएटरची टाकी उघडून नळ्यांत सळई घालून ते साफ करत असत. ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लॅस्टिकच्या टाक्या असलेल्या रेडिएटरला ते मानवत नाही, आणि तीव्र रसायनाने धुतल्यास क्षारांनी बुजवून ठेवलेली बारीक छिद्रेच उघडी पडतात. नवा रेडिएटर बसवल्यावर इंजिन साध्या पाण्याने दोन-तीनदा धुवून, मग कुलंट (रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचे द्रावण) आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे भरा आणि आतली हवा नीट काढून घ्या. पाणी गोठण्याची भीती आपल्याला नाही हे खरे, पण कुलंटमधली गंजरोधक द्रव्ये आपल्यालाही तेवढीच हवीत. एक गोष्ट घरातल्या सर्वांना सांगा : कुलंट गोडसर आणि विषारी असते. लहान मूल किंवा दारातला कुत्रा ते चाटू शकतो, म्हणून ते पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत कधीही ठेवू नका आणि सांडलेले लगेच धुवा.

सासऱ्यांचे काय करावे, असे तुम्ही विचारलेले नाही, पण तुमच्या पत्रात ती काळजी आहे. त्यांचे सकाळचे काम काढून घेऊ नका, ते वाढवा. एक वही द्या. रोज सकाळी, इंजिन गार असताना, बाटलीतली पातळी कोणत्या रेघेवर आहे आणि किती मिलिलिटर घातले, हे त्यांनी लिहावे. आदल्या दिवशी गाडी कोठे गेली ते तुम्ही लिहा. झाकण बदलल्यानंतरच्या दोन आठवड्यांची ही वही कोणत्याही मेकॅनिकच्या अंदाजापेक्षा अधिक सांगेल. पाणी कमी व्हायचे थांबले, तर गॅस्केटचा संशय बराच मागे पडतो. बोअरवेलच्या पाण्याऐवजी बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर त्यांच्या हाताशी ठेवले की बाकी काही समजवावे लागणार नाही. मात्र गरम गाडीचे झाकण उघडायचे नाही, ही एक गोष्ट त्यांना स्पष्ट शब्दांत सांगा. दाबाखालचे शंभर अंशांवरचे पाणी झाकण सैल होताच चेहऱ्यावर उसळते.

तुमच्या पतींचा विचारही टाकाऊ नाही, परंतु तो आज करण्याचा नाही. निदान होण्याआधी विकलेली गाडी घेणाऱ्याच्या अंदाजाने, म्हणजे कमीत कमी किमतीला जाते. निळा द्रव निळाच राहिला, तर झाकण, थर्मोस्टॅट आणि रेडिएटर यांचा खर्च हेड उतरवण्याच्या मानाने बराच कमी येईल आणि गाडी तुम्हाला सिन्नरला नेत राहील. द्रव पिवळा पडला आणि हेडचे काम खरोखरच निघाले, तर एक तारीख समोर ठेवून ठरवा. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि त्यानंतर तिचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी होते. तुमच्या २००७ च्या गाडीची सध्याची मुदत २०२७ मध्ये संपते. त्या वेळी पुन्हा तपासणी, शुल्क आणि पर्यावरण कर भरून गाडी ठेवायची तुमची तयारी असेल, तर ३० हजारांचे काम समर्थनीय आहे. नसेल तर ते करू नका. विकायचे ठरल्यास तापण्याचा दोष घेणाऱ्याला सांगून विका. तोही कधीतरी घरच्या माणसांना घेऊन घाट चढणार आहे.

चाचण्या पूर्ण होईपर्यंत सिन्नरच्या रस्त्यावर ताशी ५०-६० च्या पुढे जाऊ नका आणि मोहदरीच्या चढाआधी एसी बंद करा. काटा तरीही चढू लागला तर हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर पूर्ण वेगावर करा. उन्हाळ्यात हे सोसवत नाही, पण हीटर हा एक छोटा रेडिएटरच असतो आणि तो थोडी उष्णता ओढून घेतो. काटा लाल रेषेत गेला तर सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करा. वाफ दिसत असेल तर ती ओसरेपर्यंत बॉनेट वर उचलू नका. किमान पाऊण-एक तास थांबा, झाकणावर जाड फडके टाकून ते पहिल्या टप्प्यापर्यंतच सैल करा, सुसकारा थांबला की मग उघडा आणि पाणी थोडे थोडे घाला. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतल्यास धातूला तडा जाऊ शकतो. आणि तापत आलेली गाडी अचानक 'थंड' दाखवू लागली, काटा एकदम खाली पडला, तर हायसे वाटून पुढे जाऊ नका. पाणी संपले की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खोटे सांगतो.

कल्याणच्या लग्नाला मात्र ही गाडी नेऊ नका, तोवर ती दुरुस्त झाली तरीही. जाताना कसारा घाट उतार असतो आणि येताना, बहुधा रात्री, दमलेल्या माणसांनी भरलेली गाडी तोच घाट चढते. नव्या दुरुस्तीची पहिली परीक्षा तेथे घेऊ नये. नाशिकरोडहून सकाळची पंचवटी एक्स्प्रेस कल्याणला थांबते, तिची तिकिटे आताच काढून ठेवा. गाडीची परीक्षा त्यानंतर एखाद्या रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, सासऱ्यांना शेजारी बसवून आणि वही बरोबर घेऊन मोहदरी घाटातच घ्या.